नेम चुकतो कुठं? – पिस्तुलाच्या मागच्या साईटची गोष्ट

'पिस्तूल' हा शब्द वाचून रेक्टर सरांच्या भुवया उंचावल्या असतील, म्हणून आधीच सांगून टाकतो. हे पिस्तूल होस्टेलवर नाही, कधी आलेलं नाही आणि येणारही नाही. ते रोह्याला मामाच्या कपाटात, कुलपात असतं. शिवाय ते स्प्रिंगवर चालणारं एअर पिस्तूल आहे. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा आणि १० मीटरवर टांगलेला कागद, एवढीच त्याची दुनिया. होस्टेलवर माझ्या टेबलाच्या खणात पंधरा दिवस पडून होती ती फक्त त्याची मागची साईट. काडेपेटीपेक्षा लहान असा एक लोखंडी तुकडा. रूममेटने दोनदा विचारलं, "हे काय रे, सायकलच्या ब्रेकचं आहे का?" त्या तुकड्याबद्दल हा लेख आहे.

गोष्ट सुरू झाली दिवाळीच्या सुट्टीत. माझं घर पेणला, मामा रोह्याला. मामेबहीण अकरावीत आहे आणि दीड वर्षापासून पिस्तूल शूटिंग करते. नवं परदेशी मॅच पिस्तूल घ्यायचं तर लाख-दीड लाखाच्या पुढची बात, म्हणून मामाने एका सीनियर नेमबाजाकडून हे जुनं पिस्तूल घेतलं होतं. सुरुवात बरी झाली, पण नंतर मार्क वाढेचनात. दहात एक गोळी, पुढची आठात डावीकडे, मग नवात उजवीकडे. शिकवणारे म्हणत, "ट्रिगरला झटका देतेस." ती रोज संध्याकाळी अर्धा तास रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगर दाबायचा सराव करायची. सहा महिने केला. काही फरक नाही. मी गेलो तेव्हा मामी हळूच म्हणाली, "सोडून देते म्हणतेय. तू जरा बोल तिच्याशी."

बोलणार काय? मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण मेकॅनिकलच्या मुलाच्या हातात कुठलीही वस्तू दिली की तो आधी ती हलवून बघतो, तसं मी छर्रा नाही ना याची तिच्याकडून खात्री करून घेतली आणि पिस्तुलाची मागची साईट अंगठा-तर्जनीत धरून हलवली. टिक-टिक. डावीकडे टिक, उजवीकडे टिक.

"ही अशीच हलते का गं?"

"हो दादा, थोडी हलतेच ती. जुनं आहे ना."

दुसऱ्या दिवशी धाटावच्या एमआयडीसीत ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे डायल गेज लावून बघितलं. साईट बाजूला हलत होती ०.३ मिलिमीटर. काका म्हणाले, "एवढ्याने काय होतंय?" खरंच, ०.३ मिलिमीटर म्हणजे जाड पोस्टकार्डाएवढं. काय होतंय ते बघू.

पिस्तुलावर दोन साईट असतात. नळीच्या टोकाला पुढची साईट, म्हणजे एक उभी चौकोनी पट्टी. मागे, पकडीच्या वर, एक आडवी पत्ती आणि तिच्यात चौकोनी खाच. नेमबाज मागच्या खाचेतून पुढची पट्टी बघतो. पट्टीचा माथा पत्तीच्या कडेशी समपातळीत, दोन्ही बाजूंना सारखी उजेडाची फट, आणि हे सगळं चित्र लक्ष्याच्या काळ्या गोलाच्या थोडं खाली. १० मीटर एअर पिस्तुलात एवढंच चालतं. दुर्बीण, आरसा, लेझर यातलं काहीही पिस्तुलावर लावायला आंतरराष्ट्रीय नियमांत बंदी आहे. रायफलवाल्यांना भोकाची साईट मिळते. आपल्याच रायगड जिल्ह्यात पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब उभा करणाऱ्या सुमा शिरूर २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत गेल्या, किंवा कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ला पॅरिसहून ५० मीटर रायफलचं ब्राँझ घेऊन आला, त्यांच्या रायफलीवर बारीक भोकातून बघायची सोय होती. पिस्तूलवाल्याला मात्र उघडी खाच आणि पट्टी. २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकणाऱ्या राही सरनोबतलाही तीच.

आता गणित. दोन साईटमधल्या अंतराला साईट रेडियस म्हणतात. बहिणीच्या पिस्तुलाची मोजली ती बरोबर ३०० मिलिमीटर निघाली. लक्ष्य दहा मीटरवर असतं ते नेमबाजाच्या पायापासून. हात आणि नळी पुढे असल्यामुळे पुढच्या साईटपासून लक्ष्य साधारण ९ मीटर, म्हणजे ९००० मिलिमीटर. समरूप त्रिकोण तर शाळेत झाले आहेत. ९००० भागिले ३००, उत्तर ३०. मागची साईट जेवढी सरकेल त्याच्या तीस पट गोळी सरकणार.

आपली ०.३ मिलिमीटरची टिक-टिक घ्या. गुणिले ३०, झाले ९ मिलिमीटर. एअर पिस्तुलाच्या कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि त्यापुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर अंतरावर. म्हणजे पोरीने काहीही चूक न करता गोळी एका वर्तुळापेक्षा जास्त इकडेतिकडे जात होती. स्प्रिंगच्या पिस्तुलाला प्रत्येक शॉटला दणका बसतो, त्यात साईट कधी डाव्या टोकाला जाऊन बसायची, कधी उजव्या. दहा, आठ, नऊ. आणि बोल लागत होता ट्रिगरच्या बोटाला!

इथे आणखी एक गंमत समजून घ्या, कारण नवीन नेमबाज नेमका इथेच फसतो. हात थरथरतो, त्याची सगळ्यांना भीती वाटते. पण अख्खं पिस्तूल साईटसकट समांतर ५ मिलिमीटर सरकलं तर गोळीही ५ मिलिमीटरच सरकते. त्याला तीस पट लागत नाही. पुढची पट्टी खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली तर मात्र गोळी ३० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चार वर्तुळं बाहेर. आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे कारागीर बघितलेत? एका हाताच्या मनगटाला दुसऱ्या हाताचा टेकू देतात, कारण तिथे ब्रशचं टोक जेवढं हलेल तेवढीच रेघ हलते आणि तेवढंही परवडत नाही. नेमबाजाला नियमाने एकाच हाताने मारायचं, टेकू नाही. पण त्याला हाताची थोडी थरथर परवडते, साईटची नाही.

तर साईट बदलायची ठरलं. मामाने बजेट दिलं, आणि वर "तू इंजिनिअर ना, बघ" असा शेरा. निवडीसाठी तीन नमुने हाताशी आले.

पहिली प्लॅस्टिकची, हिरव्या आणि लाल चमकत्या ठिपक्यांची. दिसायला सगळ्यात झकास! बहिणीला तीच आवडली होती. पण चमकणारा ठिपका डोळ्याला पसरट दिसतो, त्याची कड कळत नाही. आपल्याला हवी ती मिट्ट काळी, धारदार चौकोनी कड. बाद.

दुसरी स्टीलची, एअर रायफलसाठी बनवलेली. क्लिक अगदी बारीक, कुर्रकुर्र आवाज छान. हिच्यात पत्ती एका बाजूला बिजागरीवर आणि वर-खाली करायचा स्क्रू मधोमध. स्क्रू बिजागरीपासून १५ मिलिमीटरवर, खाच ३० वर. म्हणजे स्क्रू जेवढा सरकेल त्याच्या दुप्पट खाच सरकणार, आणि स्क्रूच्या आट्यांत जेवढा ढिलेपणा असेल तोही दुप्पट होऊन खाचेत येणार. बारीक क्लिक दिसतात खरे, पण बिजागरीची पिन हलत होती. बोटाने पत्ती दाबली की डायल गेजचा काटा ०.१ दाखवायचा. हिला मी दोन दिवस तरी धरून बसलो होतो, कारण ती नवीकोरी होती आणि डबीसकट होती.

तिसरी जुन्या मॅच पिस्तुलावरून काढलेली. रंग उडालेला, आकडे पुसलेले. पण पत्ती जाड, स्लाइड घट्ट, खालून स्प्रिंगचा भरपूर दाब. डायल गेज लावून अंगठ्याने ढकलली तरी काटा हलून परत जागेवर. स्क्रू एम ३ चा, पिच ०.५ मिलिमीटर, एका फेऱ्याला २० क्लिक. म्हणजे एक क्लिक ०.०२५ मिलिमीटर, कागदावर पाऊण मिलिमीटर. पूर्ण फेरा म्हणजे १५ मिलिमीटर, दोन वर्तुळांना जरा कमी. शिवाय पत्ती बदलता येणारी. हीच घेतली.

म्हणजे बघा, 'ॲडजस्टेबल' साईट घ्यायला निघालो आणि निवड केली ती न हलणारी. कॅटलॉगात क्लिकचं कौतुक असतं, ढिलेपणाचा आकडा कुणी छापत नाही. दुकानात डायल गेज नेता येत नसेल तर नखाने पत्ती चारी बाजूंनी दाबून बघा आणि कान द्या. टिक ऐकू आलं की ठेवून द्या. आणि हो, साईटची रुंदीही मोजा. साईटसकट अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे असा नियम आहे, वजन १५०० ग्रॅमच्या आत. बाजूला स्क्रूचं मोठं डोकं काढलेली साईट त्या ५० मिलिमीटरला अडू शकते.

खाचेची रुंदी किती घ्यावी यावर बहिणीचा आणि माझा चांगलाच वाद झाला. साईटबरोबर दोन पत्त्या आल्या होत्या, एक ३.२ मिलिमीटर खाचेची, एक ४ ची. माझं म्हणणं, अरुंद खाच म्हणजे जास्त अचूक. मग हिशोब केला. हात ताठ केल्यावर तिच्या डोळ्यापासून मागची साईट ६०० मिलिमीटर, पुढची ९००. पुढची पट्टी ४ मिलिमीटर रुंद; ती खाचेच्या जागी दिसणार ४ गुणिले ६०० भागिले ९००, म्हणजे २.६७ मिलिमीटर. ३.२ च्या खाचेत उरतात ०.५३, एका बाजूला पाव मिलिमीटरच्या आसपास. पावसाळ्यात घरातल्या ट्यूबच्या उजेडात ही फट दिसतच नाही, सगळं काळं होतं. ४ च्या खाचेत एका बाजूला ०.६७, म्हणजे दिसणाऱ्या पट्टीच्या पाव भाग. दोन फटी सारख्या आहेत का हे डोळ्याला पटकन कळतं. फार रुंद केली तर पट्टी खाचेत भटकते आणि डोळा बेफिकीर होतो, तेही नको. पट्टीची रुंदीही सहज तपासून घेतली. लक्ष्याचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा, त्या अंतरावरून पट्टी त्याच्या पाऊणपट रुंद दिसते. ठीक वाटलं. ४ ची पत्ती बसवली. बहीण म्हणाली, "मी हेच सांगत होते." (तिने हिशोब केला नव्हता, तरी बरोबर होती. असं होतं.)

आता बसवणं. पिस्तुलाच्या पाठीवर आडवी डव्हटेल खाच असते, वर अरुंद, तळाशी रुंद. साईटच्या पायाला तसाच आकार. नव्या साईटचा पाया खाचेपेक्षा मोठा होता. किती मोठा? हे वर्निअरने नीट कळत नाही, कारण तिरक्या कडांचा कोपरा जबड्यात येत नाही. म्हणून तो तुकडा होस्टेलवर आणला. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आपण डव्हटेलच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक रोलर ठेवून मायक्रोमीटरने बाहेरचं माप घेतो ना? तेच प्रॅक्टिकल, जे आपण सगळे मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवतो. लॅबमध्ये सरांची परवानगी काढून पहिल्यांदा ते मनापासून केलं. पाया ०.३ मिलिमीटरने जास्त निघाला. ढिलाई ०.३ आणि जास्तीचं मापही ०.३, पण हा योगायोग आहे, त्यात काही शास्त्र शोधू नका.

घासायचं कुठे? पिस्तुलाची खाच की साईटचा पाया? मी खाच म्हणालो होतो, कारण ती घासायला मोकळी दिसत होती. लेथवाले काका जवळजवळ ओरडलेच. "अरे, साईट बिघडली तर दुसरी आणशील. पिस्तूल कुठून आणशील?" घासायचा तो नेहमी स्वस्त आणि बदलता येणारा भाग. काकांनी तिकोनी कानशीची एक बाजू ग्राइंडरवर धरून गुळगुळीत केली, म्हणजे तळ घासला जाऊ नये आणि फक्त तिरकी कड घासली जावी. शेगड्याच्या जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून साईटचा पाया धरला. दोन हात कानस, मग खाचेला निळा रंग लावून पाया सरकवून बघायचा, निळा लागला तिथेच पुन्हा दोन हात. असं सुमारे तासभर. मी तीनदा म्हणालो, "काका, बसेल आता." काका काही बोलले नाहीत.

कधी थांबायचं याची त्यांची खूण अशी: बोटांच्या जोराने पाया एक तृतीयांश आत गेला पाहिजे, उरलेला पितळेच्या दांड्याने हलके ठोकून. बोटाने पूर्ण गेला तर जास्त घासलं गेलं, आणि ठोकूनही अर्ध्यात अडकला तर अजून घासायचं आहे. पोलादी पंच वापरायचा नाही, साईटला खड्डे पडतात. ठोकताना पिस्तूल शेगड्यात लाकडी ठोकळ्यांमध्ये, आणि ठोका साईटच्या पायावर, पत्तीवर नव्हे. आमची साईट शेवटच्या ठोक्याला मधोमध येऊन बसली तेव्हा आवाज बदलला. 'टक' चा 'ठक' झाला. काका म्हणाले, "बसली." डायल गेज लावला, ढकललं, काटा हलला नाही.

मी खूश! आणि इथेच माझी मोठी चूक झाली. मी रुंदी बघितली, लांबी बघितली, कोन बघितला. उंची बघितलीच नाही. नवी पत्ती जुनीपेक्षा १.८ मिलिमीटर उंच होती. गुणिले ३०... करा तुम्हीच. ५४ मिलिमीटर. मागची साईट ज्या दिशेला हलते त्याच दिशेला गोळी जाते, म्हणजे ५४ मिलिमीटर वर. पहिल्या पाच गोळ्या काळ्या गोलाच्या पार वर, चाराच्या आणि तिनाच्या रेघेवर. मामा बघत होता. काही बोलला नाही, चहा आणायला आत गेला.

"स्क्रू खाली घे ना दादा," बहीण म्हणाली. घेतला. पूर्ण खाली घेऊन मिळाला १ मिलिमीटर, म्हणजे कागदावर ३०. अजून २४ बाकीच. शिवाय स्क्रू टोकाला गेला की पत्तीखालच्या स्प्रिंगचा दाब बदलतो आणि ज्या घट्टपणासाठी ही साईट घेतली तोच जातो. म्हणून मागचा स्क्रू आपल्या मधल्या जागी ठेवायचा आणि पुढची साईट उंच करायची, हाच मार्ग. पुढच्या साईटचा न्याय उलटा आहे: ती उंच केली की गोळी खाली येते.

पुन्हा काकांकडे. त्यांनी ४ मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून नवी पुढची साईट कापली, तिची नेमबाजाकडची बाजू वरून किंचित मागे झुकलेली, म्हणजे वरच्या ट्यूबचा उजेड तिच्यावर पडून चमकणार नाही. उंची १.८ ने नव्हे, मुद्दाम २.२ मिलिमीटरने वाढवली. गोळ्या आता १२ मिलिमीटर खाली पडल्या. मग माथा ०.१ घासायचा, पाच गोळ्या मारायच्या, तीन मिलिमीटर वर आल्या का बघायचं, पुन्हा ०.१. "कमी करता येतं बाळा, वाढवता येत नाही," काका म्हणाले. हे वाक्य मला फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये कुणी सांगितलं असतं तर माझा तो फिटिंगचा जॉब वाचला असता. असो.

खरी चाचणी पेणला झाली. आमच्या शेजारच्या काकांचा मूर्तींचा कारखाना आहे. गणपती गेल्यावर काही दिवस शेड मोकळी असते, त्यातली एक लांब भिंत त्यांनी आम्हाला दिली. मामा स्वतः पिस्तूल बंद पेटीत घेऊन बहिणीबरोबर आला. लक्ष्यामागे शाडूच्या मातीचा ओला गठ्ठा, चांगला फूटभर जाड, त्यामागे लाकडी फळ्या. छर्रा मातीत रुततो, उसळत नाही. शेडचं दार आतून बंद, सगळ्यांच्या डोळ्यांना गॉगल, नेमबाजाच्या पुढे कुणीही जायचं नाही. मातीत शिसं जातं, म्हणून तो गठ्ठा वेगळा काढून ठेवला, तो मूर्तीत कधीच जाणार नाही; आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काकूंनी कुणाला लाडू दिला नाही.

आधी चौकोनाची चाचणी. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून तीन गोळ्या. उजवीकडे २० क्लिक, तीन गोळ्या. वर २०, तीन गोळ्या. डावीकडे २०, मग खाली २०, आणि शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिघींच्या शेजारी पडल्या पाहिजेत. कागदावर १५ मिलिमीटर बाजूचा चौकोन उमटायला हवा. आमचा चौकोन डावीकडे परत येताना अपुरा राहिला, जवळजवळ चार मिलिमीटर. म्हणजे स्क्रू परत फिरवताना पहिले काही क्लिक वाया जात होते. लेथ चालवताना आपण ज्याला बॅकलॅश म्हणतो तोच. कारण सापडलं: बाजूच्या स्क्रूची स्प्रिंग जुनी होऊन मेली होती. नवी मिळेपर्यंत बॉलपेनची स्प्रिंग कापून घातली. (हसू नका, अजून तीच आहे.) तरीही सवय एकच ठेवायची: शेवटचं फिरवणं नेहमी एकाच दिशेने. डावीकडे चार क्लिक हवेत तर आठ जा आणि चार परत या.

मग हाताने. पिशवीवर मिळालेला नेम हातावर तसाच राहत नाही, कारण स्प्रिंगचं पिस्तूल टेकूवर वेगळं उडतं आणि हातात वेगळं. इथे बहिणीला आवरावं लागलं. एक गोळी डावीकडे गेली की तिचा हात स्क्रूड्रायव्हरकडे. मी कागदावर मांडून दाखवलं. तिच्या गोळ्यांचा विखुरलेपणा, म्हणजे आपलं स्टँडर्ड डेव्हिएशन, १२ मिलिमीटरच्या आसपास होतं. दहा गोळ्यांचा मध्य काढला तरी त्या मध्यात १२ भागिले वर्गमूळ १०, म्हणजे ३.८ मिलिमीटरची अनिश्चितता. ते झाले पाच क्लिक! एका गोळीवरून एक क्लिक फिरवणं म्हणजे पंखा चालू असताना धुरावरून वाऱ्याची दिशा सांगणं. दहा गोळ्या मारायच्या, मध्य काढायचा, पाच क्लिकपेक्षा जास्त चूक असेल तरच स्क्रूला हात. दुपारपर्यंत तिने स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात ठेवला होता.

एक काम राहिलं होतं. नव्या पट्टीचा कापलेला माथा चकाकत होता आणि घासलेल्या धातूला कोकणातली हवा दोन दिवसांत गंज आणते. साईट काढून तेलाचा पुसट हात दिला, मग माथा आणि खाचेच्या कडा कोरड्या पुसून काजळी धरली. काजळी कशाची? देव्हाऱ्यातल्या कापराची. ताटलीत वडी पेटवायची आणि चिमट्यात धरलेला सुटा तुकडा धुरात फिरवायचा. अशी मखमली काळी होते की ट्यूबखालीही कड फुटत नाही. बोट लागलं की पुसते, म्हणून स्पर्धेच्या दिवशी सकाळी पुन्हा. शूटिंगवाले साईट अशी काळी करतात हे मला नंतर कळलं. आईला मात्र देवाचा कापूर कुठे गेला हे लगेच कळलं.

हा सगळा खटाटोप एअर पिस्तुलापुरताच आहे हे लक्षात ठेवा. परवान्याच्या स्पोर्ट पिस्तुलाला शेगड्यात धरणं हे परवानाधारक गनस्मिथचं काम, लेथवाल्या काकांचं नाही आणि आपलं तर नाहीच. एअर पिस्तुलावरही साईट सोडून ट्रिगर, स्प्रिंग, नळी यांना मी हात लावलेला नाही.

साधनाचा दोष स्वतःवर घेऊन बसणारी ती एकटी नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. तिला किती ऐकावं लागलं ते सगळ्यांनी वाचलं आहे. तिचा दोष लगेच सापडला, कारण पिस्तूल चालेचना. आमचं पिस्तूल चालत होतं, म्हणून सहा महिने गेले.

पेणहून मामा आणि बहीण संध्याकाळच्या एसटीने नागोठण्यावरून रोह्याला गेले. जाताना तिने शेवटचे दहा शॉट मारलेला कागद माझ्याकडे दिला. त्यात सगळं काही दहात नाही. दोन गोळ्या आठात आहेत, दोन्ही खाली डावीकडे. त्या ट्रिगरच्या आहेत, असं तीच म्हणाली.

साईटच्या स्क्रूवर आता लाल नेलपॉलिशची एक रेघ आहे. आपण नसताना कुणी फिरवला तर कळावा म्हणून. परवा फोनवर मी विचारलं, "रेघ जागेवर आहे ना?" म्हणाली, "आहे. पण दादा, पकड जरा हलतेय असं वाटतंय."

पुढच्या सुट्टीत बघतो म्हटलं.